पेटीतला किडा तांदळाचा की लाकडाचा?

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही खेतवाडीत जुन्या चाळीत राहतो. सासूबाईंच्या माहेराहून, राजापूरकडून, दरवर्षी हातसडीचा तांदूळ येतो आणि त्यांच्याच वेळच्या सागवानी पेटीत भरला जातो. गणपती झाले की पेटीत काळे, चकचकीत, चपटे किडे दिसायला लागतात. यंदा तर तळाशी काळ्या डोक्याची पांढरी अळी निघाली, चांगली पाऊण इंच लांब. मी किंचाळलेच. वाण्याला फोटो दाखवला तर म्हणाला, ‘टोके आहेत, कडुलिंबाचा पाला घाला.’ घातला, काही फरक नाही. पेटी रिकामी करून पुसली, नवा तांदूळ भरला, पुन्हा हजर! सासूबाई म्हणतात पेटी हलवायची नाही, हे म्हणतात स्टीलची कोठी आणू. हा किडा कुठला, विषारी आहे का, आणि पेटी ठेवू की काढू? (गिरगावातील एक वाचक)

उत्तर : ताई, आधी आभार. किड्याशेजारी पट्टी ठेवून फोटो काढलात. एरवी लोक मोबाइलवर डोळ्याएवढा मोठा केलेला किडा पाठवतात आणि तो डासाएवढा की झुरळाएवढा हे मीच ओळखायचं असतं. तुमचा नऊ मिलिमीटर भरला. तिथेच वाण्याचं म्हणणं निकालात निघालं. टोका, म्हणजे आपला सोंडा, तीन मिलिमीटरच्या आसपास असतो आणि त्याला पुढे सोंड असते. पिठातला तांबडा भुंगेराही साधारण तेवढाच. तुमच्या किड्याला सोंड नाही, तोंडापुढे जबडे आलेले दिसतात, पाठ काळी, पोटाकडचा रंग तांबूस. आणि खात्रीची खूण म्हणजे कंबर. छातीचा तुकडा वेगळा, पंखांचा तुकडा वेगळा, आणि मधला जोड लोकलच्या दोन डब्यांमध्ये असतो तसा अरुंद आणि हलता.

हा कॅडेल. शास्त्रीय नाव टेनेब्रॉइडिस मॉरिटॅनिकस. लिनियसनं १७५८ साली त्याला नाव दिलं, म्हणजे किडा शास्त्राच्या दप्तरी पहिल्यापासून आहे. तरी आपल्याकडे सोंडा सगळ्यांना ठाऊक, खापरा भुंगेरा सरकारला ठाऊक, आणि हा मात्र कुणालाच नाही. घरात निघाला की लोक त्याला झुरळाचं पिल्लू समजून चपलेनं मारतात.

अळीचा फोटोही त्याचाच. डोकं काळं, मानेवर काळी ढाल, तिच्यामागच्या दोन वळ्यांवर गडद ठिपके, बाकी अंग मळकट पांढरं, आणि शेपटीच्या टोकाला एका काळ्या चकतीवर दोन आकडे. धान्यातल्या दुसऱ्या कुठल्या अळीला असा सरंजाम नसतो. पूर्ण वाढली की दीड-दोन सेंटिमीटर होते. किंचाळलात त्यात नवल नाही. पण विषारी नाही, अंगाला लागली तर पुरळ उठत नाही, रोग पसरवत नाही. किडा चिमटीत घट्ट धरलात तर जबडा लावेल, एवढंच.

आता मुद्द्याकडे येतो. तुम्ही दोघी-तिघे तांदळाकडे बघताय. मी पेटीकडे बघतोय.

कॅडेल ज्या घराण्यातला, ते ट्रोगोसिटिडी घराणं मुळात झाडाच्या सालीखालचं. जुन्या वर्गवारीप्रमाणे त्यात जगभरच्या सहाशेच्या आसपास जाती, बहुतेक उष्ण प्रदेशातल्या. मेलेलं किंवा मरायला टेकलेलं झाड, त्याची सुटत चाललेली साल, तिच्याखालची अंधारी चीर, हा त्यांचा मुलूख. साल कुरतडणारे भुंगेरे म्हणून त्यांची ओळख, पण ती अर्धीच खरी. बरेचसे तिथे सालीसाठी जातच नाहीत, सालीखाली बोगदे पाडणाऱ्या दुसऱ्या किड्यांच्या अळ्या खायला जातात. काही जण लाकडावरच्या बुरशीवर जगतात. अंग चपटं का, तर चिरेत घुसायचं असतं. जबडे भक्कम का, तर वाट काढायची असते आणि पुढे कुणी सापडलं तर फोडायचं असतं.

या सगळ्या रानटी गोतावळ्यातला कॅडेल माणसाच्या मागे लागला. कधी, कुठे, कोण जाणे. धान्य, पीठ, सुकामेवा जहाजांतून फिरायला लागला तसा हाही फिरला, आणि आज जगभर आहे. पण सवयी त्यानं सोडल्या नाहीत. धान्यात तो जेवतो, राहतो मात्र लाकडात. अळीची वाढ पुरी झाली की ती कोष करायला धान्याबाहेर पडते आणि जवळचं मऊ लाकूड सापडलं तर त्यात पोखरून जागा करते. मऊ लाकूड नसेल तर फळीची फट, कार्डबोर्ड, बुचाचं झाकण, काहीही चालतं. जुन्या पिठाच्या गिरण्यांत चाळण्यांना रेशमी कापड असायचं, त्याला भोकं पाडण्याबद्दल कॅडेलची अळी बदनाम होती.

मी बंदराकडच्या गोदामांत धुरी द्यायच्या कामावर होतो. पोत्यांची थप्पी लावायची, तिच्यावर जाड प्लास्टिक टाकायचं, कडेनं वाळूचे साप, म्हणजे वाळू भरलेल्या लांब पिशव्या, दाबायचे, आत धुरीच्या गोळ्या, आणि ठरलेले दिवस कुणी जवळ फिरकायचं नाही. मग परखी मारून नमुना काढायचा. पोत्यातून मेलेले सोंडे आणि मेलेले भुंगेरे ओंजळभर निघायचे. कॅडेल शोधायचा तर आमचा जुना मुकादम पोत्यांकडे वळायचाच नाही. थप्पी उचलली की खालच्या लाकडी चौकटी उलट्या करायला लावायचा आणि खिळ्यांच्या जागी चाकूचं टोक फिरवायचा. तिथे ते बसलेले. धान्य गेलेलं, गोदाम झाडलेलं, आणि हे निवांत. अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९२६ साली बॅक आणि कॉटन या दोघांची फक्त या एका किड्यावरची पुस्तिका काढली होती. तीही मी पुढे वाचली, पण मुकादमानं न वाचता जे सांगितलं होतं त्यात फार भर पडली नाही : कोठार रिकामं झालं म्हणजे कॅडेल गेला असं समजू नये. खाण्यावाचून तो आठवड्यामागून आठवडे काढतो. दुसऱ्या धान्यकिड्यांच्या मानानं आयुष्यही लांब, मोठा किडा वर्षभर आणि त्याहून जास्तही जगतो. मादी आयुष्यभरात हजाराच्या घरात अंडी घालू शकते, तीही थोडी थोडी करून, फटीत किंवा पिठात. अळी मात्र सावकाश वाढते, उकाड्यात दोन-तीन महिने, थंड हवेत वर्षाच्या वर. म्हणून सोंड्यांसारखी यांची झुंबड होत नाही. तुम्हाला दरवर्षी पाच-दहाच दिसले असणार. बरोबर ना?

आता तुमच्या पेटीचा इतिहास जुळवा. तुम्ही पेटी पुसलीत, ती गुळगुळीत फळ्यांची. तो बसलाय सांध्यात, कोपऱ्याच्या पट्टीमागे, तळाच्या फळीखाली. पाला तुम्ही तांदळात घातलात. त्याचं घर तिथे नाहीच. नवा तांदूळ भरलात, वर पावसाळ्याची दमट हवा, की तो जेवायला बाहेर आला. राजापूरच्या तांदळावर विनाकारण आळ घेऊ नका. हातसडीच्या तांदळाचा एक गुण मात्र त्याच्या पथ्यावर पडतो. कॅडेलची अळी दाण्याचा अंकुर आधी खाते, तो संपला की दुसरा दाणा धरते. पॉलिशच्या तांदळात अंकुर जवळपास उरतच नाही, हातसडीत असतो. तुमच्याकडे चांगलं जेवण मिळतं म्हणून तो टिकून आहे.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती ऐकून सासूबाई खूश होतील. कॅडेल नुसता दाणेखाऊ नाही. घराण्याची शिकारी खोड त्यानं सोडलेली नाही. धान्यातली पतंगाची अंडी, दुसऱ्या किड्यांच्या अळ्या, वेळ पडली तर स्वतःच्या जातीची पिल्लं, सगळं खातो. त्यामुळे हा उपद्रवी की उपकारी यावर अभ्यासकांत पूर्वी बरीच खडाजंगी झाली. माझं मत विचाराल तर माझ्या पेटीत नको. सोंडे खाऊन तो जो उपकार करतो, त्याच्या बदल्यात अंकुर खातो, फळी पोखरतो आणि बायकामाणसांना घाबरवतो. पण एक हिशेब लक्षात ठेवा : कॅडेल दिसतोय म्हणजे बहुधा त्याच्या आधी आलेले बारके किडेही आत आहेत. परातीत तांदूळ पसरून उजेडात बघा. पीठ-भुसा आणि पोकळ दाणे दिसले तर ते काम सोंड्याचं.

पेटी काढू नका. सागवान आहे, आजच्या भावात तसली पेटी करायला सुतार किती सांगेल ते एकदा विचारून बघा. पुढचं करा. तांदूळ सगळा काढा, चाळा, थोडा थोडा करून उन्हात तापवा. मोकळ्या फ्रीजरमध्ये मावत असेल तर पिशवी बांधून आठवडाभर ठेवा, अंडीसुद्धा उरत नाहीत. मग पेटी गच्चीवर न्या. तळाची फळी स्क्रूवर असेल तर सोडवा. सांध्यांतून जुना टूथब्रश आणि पातळ सुरी फिरवा, निघेल तो भुसा गोळा करून जाळा. कडक ऊन असलेले दोन-तीन दिवस बघून पेटी काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून उन्हात ठेवा. आत पन्नास अंशांच्या वर गेलं की किडा तग धरत नाही, पण ती उष्णता लाकडात खोलवर पोचायला वेळ लागतो, तासाभरात उघडून बघू नका. ऑक्टोबरातलं ऊन चालेल, मे महिन्यातलं उत्तम. शेवटी सगळे सांधे सुताराकडून लांबीनं बुजवून घ्या. फट राहिली नाही तर राहायला जागा राहिली नाही. आत कीटकनाशक फवारू नका, त्यात तुम्ही अन्न ठेवणार आहात.

आणि घरात शांतता हवी असेल तर मधला मार्ग आहे. तांदूळ स्टीलच्या कोठीत, कोठी पेटीत. आमच्याकडे तसंच आहे.

प्रश्न : सर, मी बारावीत आहे, गोरेगावला राहतो. जूनच्या वादळात आमच्या सोसायटीतला पर्जन्यवृक्ष पडला. महापालिकेची माणसं फांद्या तोडून गेली, खोड कुंपणाला टेकून पडलंय. त्याची साल सोलली तर खाली काळे, अगदी चपटे, चमकणारे किडे मिळाले. मी नेटवर शोधलं तर बार्क-नॉइंग बीटल असं आलं. फोटो पाठवतो आहे. बरोबर आहे का? जात कुठली? (गोरेगावमधील एक विद्यार्थी)

उत्तर : शोध चुकला, पण दिशा बरोबर होती. फोटो क्रमांक तीन बघ, जिथे किडा पाठीवरून दिसतो. पंखांची काळी झाकणं शेपटीपर्यंत पोचत नाहीत, मागची दोन वळी उघडी राहिली आहेत. अंग चौकोनी. पुढे दोन वाकडे जबडे सरळ बाहेर आलेले. हा होलोलेप्टा, हिस्टरिडी घराण्यातला. पडलेल्या झाडाची साल आणि लाकूड यांच्यामध्ये जो ओला, आंबलेला थर असतो, तिथे माशांच्या आणि इतर किड्यांच्या अळ्या खात फिरतो. नेमकी जात फोटोवरून सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नकोस. मीही सांगणार नाही.

ट्रोगोसिटिडी, म्हणजे तुला नेटवर मिळालेलं बार्क-नॉइंग बीटलचं घराणं, त्यातला असता तर झाकणं पोट पूर्ण झाकणारी असती, मिशा आखूड आणि टोकाशी जाडसर. आता गंमत अशी की घराणी वेगळी, तरी दोघांची ठेवण सारखी : चपटे, चकचकीत, पुढे जबडे. चिरेत राहायचं तर अंग असंच लागतं. म्हणून नुसतं ‘सालीखाली सापडला, चपटा आहे’ एवढ्यावर नाव लावायचं नाही.

तुला नेटवर जे सापडलं त्या घराण्याबद्दल थोडं सांगतो, कारण त्यात बघण्यासारखे प्राणी आहेत. टेम्नोस्कायला नावाचं कुळ आहे, लांबट, आणि रंग निळा किंवा हिरवा, धातूचा असावा असा. त्यातली उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडची एक हिरवी जात पाइनच्या झाडांवरच्या सालकिड्यांची शिकार करते. ती शिकार शोधते कशी ते ऐक. सालकिडे झाडावर उतरले की हवेत गंध सोडून आपल्या जातभाईंना बोलावतात, झाड एकट्यादुकट्याला आवरत नाही म्हणून. तोच गंध या शिकाऱ्यालाही कळतो. निमंत्रण एकाला आणि हजर दुसराच! संशोधकांनी ते रसायन कृत्रिम तयार करून सापळ्यांत ठेवलं तर सापळ्यांत हे हिरवे येऊन पडतात. हाताळताना जपून हाताळतात, कारण चांगला कडकडून चावतो.

युरोपात नेमोझोमा म्हणून एक काडीसारखा बारीक आहे, तो सालकिड्यांच्या बोगद्यातच शिरतो. आणि पेल्टिस ग्रोसा, रुंद आणि पसरट, शिकारबिकार नाही करत. स्प्रूसच्या मेलेल्या खोडाला एक ठरावीक कंसबुरशी लागून लाकूड तांबूस, ठिसूळ झालं की त्यात वाढतो. त्याला जुनी, मोठी, उभी किंवा पडलेली मेलेली झाडं लागतात. तिथल्या व्यवस्थित राखलेल्या जंगलांत मेलेलं झाड ताबडतोब उचलतात, म्हणून हा दुर्मिळ झाला. वर्गवारीचं म्हणशील तर २०१९ साली या सगळ्या गोतावळ्याची फेरमांडणी झाली आणि जुन्या ट्रोगोसिटिडीतून काही गट वेगळी घराणी म्हणून निघाले. पेल्टिस आता निराळ्या घरात. आपल्या तांदळात कधी कधी सापडणारा तीनेक मिलिमीटरचा, तपकिरी, चपटा लोफोकॅटेरिस, तोही वेगळा झाला. जुनी पुस्तकं वाचशील तेव्हा हे ध्यानात ठेव, नाहीतर वाटेल की दोन माणसं दोन निराळ्या गोष्टी सांगतायत.

आता तुझ्या खोडाविषयी. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे एक अर्ज कर आणि मला प्रत पाठव, मीही सही करीन. कुंपणाजवळचा निदान एक ओंडका सालीसकट कोपऱ्यात राहू द्या म्हणावं. पहिल्या पावसाळ्यात आंबलेला रस चाखणारे येतात, मग सालीखालचे, मग साल गळून पडली की बुरशीवाले आणि लाकूड पोखरणारे. महिन्यातून एकदा त्याच जागी बघ आणि तारखेनिशी लिहून ठेव. साल एका बाजूचीच उचल, सगळी सोलून काढलीस तर पुढे बघायला काही राहणार नाही. ‘मेलेल्या लाकडातली कीड इमारतीत येईल’ असं कुणीतरी मीटिंगमध्ये म्हणेलच. ओल्या सालीखालच्या या मंडळींना तुमच्या कोरड्या दारं-खिडक्यांत काडीचा रस नाही. वाळवीची भीती रास्त आहे, म्हणून ओंडका भिंतीला टेकलेला नको आणि खाली दोन विटा असू दे.

हे उद्योग सोसायटीत. नॅशनल पार्कात साल सोलायला किंवा किडा उचलून आणायला जाऊ नकोस. संरक्षित जंगल आहे, परवानगीशिवाय तिथलं काही काढता येत नाही, आणि वनरक्षकानं धरलं तर माझं नाव सांगू नकोस.

प्रश्न : फोर्टात एका गोदामाबाहेर टाकलेले पॅलेट आणून मी घरी शेल्फ बनवलं. दोन महिन्यांनी खाली मैद्यासारखी पांढरट पूड पडायला लागली. पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का आणि ‘एचटी’ अशी अक्षरं होती. म्हणजे प्रक्रिया केलेलं लाकूड ना? मग कीड कशी? (परळमधील एक वाचक)

उत्तर : शिक्का खरा असेल तरीही कीड लागू शकते. एचटी म्हणजे उष्णतेची प्रक्रिया : लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं. त्या दिवशी आत जे जिवंत होतं ते मेलं. त्यानंतर ते पॅलेट बंदरांत, ट्रकांत, गोदामांत किती फिरलं, आणि कोरड्या लाकडात येणारी कीड त्यात कधी शिरली, याचा जिम्मा शिक्का घेत नाही.

या शिक्क्यामागचा नियम आंतरराष्ट्रीय आहे, २००२ सालचा. अशा नियमांची गरज कशी पटली तर चीन-कोरियाकडचा एक मोठा, काळा-पांढरा लांबमिशा भुंगेरा बांधणीच्या लाकडातून न्यू यॉर्कला पोचला. १९९६ साली तो ब्रुकलिनमधल्या रस्त्याकडेच्या झाडांत सापडला आणि मग हजारो झाडं तोडावी लागली. नियमात सालीविषयी वेगळं कलम आहे ते मला फार आवडतं. लाकडावर साल राहू द्यायची नाही. राहिलीच तर तुकडा तीन सेंटिमीटरपेक्षा अरुंद हवा, किंवा रुंद असला तर एकूण पन्नास चौरस सेंटिमीटरच्या आत. पोस्टाच्या तिकिटांच्या हिशेबानं जंगल मोजलंय, पण त्यामागे कारण आहे. प्रक्रिया झाल्यावरही साल असेल तर सालीखाली नवं बिऱ्हाड येऊ शकतं. तुमचं शेल्फ उलटं करून बघा, कडेला साल राहिली असेल तर आधी ती छिलून काढा.

पूड मैद्यासारखी मऊ आहे म्हणता, आणि फोटोत भोकं एक-दीड मिलिमीटरची गोल दिसतात, तेव्हा हा लिक्टस जातीचा पूडकिडा. त्याला लाकडातला पिठूळ अंश हवा असतो, तो बाहेरच्या फिकट लाकडात असतो, गाभ्यात नसतो. तुमची भोकं एकाच फळीच्या एका कडेला का आहेत, त्याचं उत्तर हेच. ती फळी बदला. बाकीच्या फळ्यांना पॉलिश नसेल तर करून घ्या, म्हणजे मादीला अंडी घालायला उघडी छिद्रं मिळणार नाहीत. बदललेली फळी जिन्याखाली ठेवू नका, जुन्या इमारतींत जिनेही लाकडाचे असतात.

रस्त्यावरचं पॅलेट उचलताना ‘एमबी’ शिक्का दिसला तर घरी आणू नका. ते मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं असतं.

प्रश्न : धान्यात ठेवायच्या पारद गोळ्या, बोरिक पावडर, एरंडेल आणि ती ‘गॅसची’ गोळी, यांपैकी काय वापरावं? (बोरिवलीतील एक वाचक)

उत्तर : एरंडेल. डाळींना आणि गव्हाला हलकं चोळून ठेवायची पद्धत चांगली आहे, खाण्याआधी धुतलं की झालं. तांदळाला चोळू नका, वास राहतो. बोरिक पावडर खाण्याच्या धान्यात माझ्या मते नको, ती झुरळांसाठी कपाटामागे ठेवा. पारद गोळीत पारा असतो. आपल्या आया-आज्यांनी वापरली आणि त्यांना काही झालं नाही हे मला प्रत्येक व्याख्यानात ऐकवलं जातं. तरी नको.

गॅसची गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्यानं तिच्यातून फॉस्फिन सुटतो. तीन ग्रॅमची एक गोळी एक ग्रॅम वायू देते, आणि बंद खोलीत तेवढाही जिवावर बेततो. आम्ही ती मोकळ्या गोदामात, मास्क लावून, वायू मोजायचं यंत्र हातात धरून वापरायचो. घरातली पोती जपायला लोक तीच फडक्यात बांधून ठेवतात आणि दार लावून झोपतात. शेजारच्या खोलीतली पोरं दगावल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. वायू भिंतीच्या फटीतून, जिथून पाइप जातो त्या भोकातून, दुसऱ्या घरात जातो. परवानाधारकांनीच वापरायचं औषध आहे. कुणी दुकानदार सुटी गोळी देत असेल तर घेऊ नका. घरात आधीच असेल तर पाणी लावू नका, कचऱ्यात टाकू नका, डबी हवाबंद राहू द्या, लोकांपासून दूर ठेवा आणि परवाना असलेल्या पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. डबी फुटली असेल किंवा लसणाचा, कार्बाइडचा वास येत असेल तर शोधत बसू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, शेजाऱ्यांची दारं वाजवा आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा.